फेरप्रयोग, पडताळा आणि निकाली कुस्ती

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या गल्लीतली एक मुलगी व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करतेय. परवा तिचा निरोप आला: "काका, हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा कामातल्या समाधानावरचा जुना अभ्यास मी इथल्या फौंड्री कामगारांवर पुन्हा करून बघतेय. मराठी सारांशात 'रेप्लिकेशन'ला 'पुनरावृत्ती' लिहिलं, तर एका सरांनी विचारलं, पुनरावृत्तीच आहे तर यात तुमचं काय? दुसरा शब्द सुचवा ना. आणि 'टेस्टिंग कॉम्पिटिंग थिअरीज'ला 'परस्परविरोधी सिद्धांतांची चाचणी' चालेल का?"

तिला लिहिलेलं उत्तर असं: सरांना दोष देऊ नकोस. पुनरावृत्ती हा शब्दच मराठीत बदनाम आहे. एखाद्या लेखात पुनरावृत्ती फार आहे असं आपण म्हणतो तेव्हा कौतुक करत नसतो, आणि 'अशा घटनांची पुनरावृत्ती होऊ नये' हे तर प्रत्येक निवेदनातलं ठरलेलं वाक्य. गंमत अशी की 'अभ्यास' या शब्दाचा संस्कृतातला अर्थच मुळी पुन्हा पुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात धातूचं द्वित्व झालं की पहिल्या तुकड्याला अभ्यास म्हणतात. 'ददाति'मधला पहिला 'द' तो अभ्यास. सरांना हे सांगून बघ. पण सारांशात शब्द मात्र बदल.

'प्रतिकृती' कुणी सुचवेल, तर नको म्हण. मी उद्यमनगरात एका फौंड्रीत तीस वर्षं हिशेब लिहिले. पॅटर्नवरून वाळूत साचा, साच्यात लोखंडाचा रस, बाहेर कास्टिंग. शंभर ओतली तरी शंभर तशीच. ती खरी प्रतिकृती. पण पॅटर्नलाच खोट असेल तर तीही शंभराच्या शंभर कास्टिंगमध्ये इमानानं उतरते. तुला तर पॅटर्नमध्ये खोट आहे का तेच बघायचंय.

'पुनर्पडताळणी' हा सरकारी थाटाचा शब्द मला दोन कारणांनी खटकतो. एक, 'प'च्या आधी 'पुनर्' येत नाही, विसर्ग राहतो. पुनर्जन्म, पुनर्मूल्यांकन, पण पुनःप्रत्यय. दोन, पडताळणी म्हटलं की डोळ्यांपुढं कागदपत्रांची रांग येते, जात पडताळणी येते. प्रयोग येत नाही.

त्याच घरातला 'पडताळा' मात्र सोन्यासारखा शब्द आहे. पडसाद, पडछाया, पडजीभ यांत 'प्रति'चा 'पड' झालेला दिसतो. पडताळाही मी त्याच पंगतीत बसवतो. आणि 'ताळा' म्हणजे गणिताचा ताळा. आमच्या शाळेत वजाबाकी झाली की गुरुजी ताळा करायला लावायचे. मी एकदा तीच वजाबाकी पुन्हा केली, तेच उत्तर आलं, आणि कान पिरगाळून घेतला. कारण हातचा घ्यायला पहिल्यांदा विसरलो होतो तसा दुसऱ्यांदाही विसरलो होतो. वजाबाकीचा ताळा बेरजेनं, भागाकाराचा गुणाकारानं. वाट दुसरी धरायची आणि मुक्काम तोच येतो का ते बघायचं.

तुझ्या हर्झबर्गची सगळी कथा या ताळ्यात आहे. १९५९ साली छापून आलेल्या अभ्यासात त्यानं आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या २०३ इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं (आमची जात तिथंही होती!) की कामावर फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं तो सांगा. बऱ्या प्रसंगांत यश, शाबासकी, कामाची गोडी आली. वाईटात कंपनीची धोरणं आणि वरिष्ठांची वागणूक. त्यावरून त्यानं मांडलं की समाधान आणि असमाधान ही एकाच तराजूची दोन टोकं नव्हेत, कारणंच निराळी. पुढं ज्यांनी हीच प्रसंग विचारायची पद्धत वापरली त्यांना बरंचसं असंच सापडत गेलं, आणि ज्यांनी पद्धत बदलली त्यांना बहुधा सापडेना. १९६४ मध्ये व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञानं साधी शंका काढली: चांगलं झालं की माणूस म्हणतो मी केलं, वाईट झालं की म्हणतो साहेबामुळं झालं. मग ती दोन खाती कामाची की माणसाच्या बोलण्याची?

म्हणजे तुला दोन शब्द लागणार. त्याच पद्धतीनं पुन्हा केलंस तर 'फेरप्रयोग', किंवा तुझ्याकडं प्रयोग नाही, माणसांना विचारणं आहे म्हणून 'फेरअभ्यास'. फेरविचार, फेरनिवडणूक, फेरतपासणी यांतला 'फेर' सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि त्याला नकलेचा वास नाही. फक्त त्याच्यापुढं 'फार' लागू देऊ नकोस, नाहीतर तलाठ्याकडं जावं लागेल. पद्धत बदलून तोच दावा तपासलास तर सरळ 'ताळा' म्हण.

आणखी एक सोय आहे. इंग्रजीत रेप्लिकेशन 'केलं' आणि रेप्लिकेशन 'झालं' यांत लोक नेहमी घोळ घालतात, कारण कृतीला आणि यशाला एकच शब्द. आपल्याकडं फेरप्रयोग करतात आणि पडताळा येतो. किंवा येत नाही. २०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांच्या फेरप्रयोगांचा मोठा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसाला उतरलेला होता, फेरप्रयोगांपैकी ३६ टक्क्यांत उतरला. मराठीत एका ओळीत सांगता येतं: फेरप्रयोग शंभर झाले, पडताळा छत्तीस टक्क्यांचा आला. पण पडताळा आला नाही म्हणजे पहिला खोटं बोलला असं नव्हे. तोच ऊस, तीच काहील, पण गुळव्या बदलला की गुळाचा रंग बदलतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

तिसरा प्रकार 'फेरमोजणी'. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ दरम्यान उजेड कमीजास्त करून कामगारांचं उत्पादन मोजलं. काहीही बदललं तरी उत्पादन वाढतंच, कारण आपल्याकडं कुणी लक्ष देतंय हे कामगारांना कळतं, ही गोष्ट तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गावर्गांत सांगतात. ते जुने आकडे नष्ट झाले असं लोक धरून चालले होते. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ते शोधून काढले आणि २०११ मध्ये दाखवलं की त्या गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम आकड्यांत नाहीच. फार तर पुसटशा खुणा आहेत. यात नवा प्रयोग नव्हता, जुनी चोपडीच पुन्हा उघडली होती. याला फेरप्रयोग म्हणू नकोस.

आता दुसरा प्रश्न. 'परस्परविरोधी' चालणार नाही. एक खरा तर दुसरा खोटा, असा त्याचा अर्थ होतो. हर्झबर्ग आणि व्रूम दोघंही थोडेथोडे बरोबर असू शकतात; ते एकाच बांधावर हक्क सांगणारे भावकीतले आहेत. म्हणून 'प्रतिस्पर्धी सिद्धांत'. आणि 'चाचणी' म्हटलं की घटक चाचणी आठवते. 'कसोटी' लिही.

पण दोघांचा फैसला करणाऱ्या प्रयोगाला काय म्हणायचं? इंग्रजीतला 'क्रूशियल' शब्द फ्रान्सिस बेकनच्या १६२० च्या ग्रंथातून आला; रस्ते फुटतात तिथं उभा केलेला दिशादर्शक खांब ही त्यामागची कल्पना. म्हणजे आपली तिकटीच की! मिरजकर तिकटी, माळकर तिकटी. 'तिकटीचा प्रयोग' म्हणायचा मला मोह होतो, पण कोल्हापूरबाहेर कुणाला कळायचं नाही. त्यापेक्षा 'निकाली प्रयोग'. मैदानाच्या पोस्टरवर 'निकाली कुस्त्या' असतं ना, तोच निकाली. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत सुटका नाही. कचेरीत 'अर्ज निकाली काढला' म्हणजे फाइल बंद केली, तो अर्थ मनात आणू नकोस.

कुस्तीवरून आणखी दोन शब्द घे. 'जोड' तोलामोलाची हवी. बहुतेक प्रबंधांत आपल्या सिद्धांतापुढं 'काहीच परिणाम नाही' हे शून्य गृहीतक उभं करतात. ते पोरगं पडायलाच आणलेलं असतं; त्याला चीत करून गदा मागू नये. आणि प्रतिस्पर्धी सिद्धांताला मुद्दाम लुळापांगळा करून मांडला, तर ती 'नुरा कुस्ती', निकाल आधीच ठरवलेली. खासबाग मैदानातल्या पब्लिकला ती दोन मिनिटांत ओळखू येते.

जोड कशी लावावी याचा नमुना तुझ्याच विषयात आहे. कामाचं उद्दिष्ट कामगाराला सहभागी करून ठरवावं, की वरून दिलं तरी चालतं? गॅरी लॅथम हा संशोधक म्हणे, फरक पडत नाही. इस्राएलच्या मिरियम एरेझ म्हणत, पडतो. दोघांकडं प्रयोग होते, दोघांकडं आकडे होते. शेवटी दोघांनी मिळून प्रयोग आखले आणि दोघांचा मित्र एडविन लॉक पंच म्हणून मध्ये बसला. असे चार प्रयोग १९८८ साली छापून आले. चीत कुणीच झालं नाही. भलतंच बाहेर आलं. लॅथम उद्दिष्ट देताना कारण समजावून सांगत, गोडीनं गळी उतरवत. एरेझ यांच्या प्रयोगांत ते 'एवढं करा' असं तुटक सांगितलं जाई. बराचसा फरक तिथं होता. एक मातीवर खेळत होता, एक मॅटवर, आणि दोघंही त्याला कुस्तीच म्हणत होते. कारण सांगून दिलेलं उद्दिष्ट सहभागानं ठरवलेल्या उद्दिष्टाइतकंच चाललं. हे वेगवेगळ्या फेरप्रयोगांतून कधी कळलं नसतं, कारण जो तो आपल्याच तालमीत जिंकत होता.

तेव्हा तुझं वाक्य असं कर: 'हर्झबर्ग यांच्या अभ्यासाचा कोल्हापुरातील फौंड्री कामगारांमध्ये फेरअभ्यास केला, वेगळ्या पद्धतीने त्याचा ताळाही करून पाहिला, आणि त्यांचा सिद्धांत व व्रूम यांचे स्पष्टीकरण यांची निकाली कसोटी घेतली.' तिसरा तुकडा खरोखर केला असशील तरच ठेव.

तू न विचारलेलं एक. शीर्षकात तू 'संघटनात्मक संशोधन' लिहिलंयस. ते वाचून कुणालाही वाटेल एखाद्या पक्षाची बूथबांधणी चाललीय, नाहीतर कामगार संघटनेचा अभ्यास. 'संस्थांतर्गत व्यवहारांचे संशोधन' लांब आहे, पण कळतं. संस्था म्हणजे दूध संस्थाच का, असं कुणी विचारलं तर तीही त्यात आली म्हणून सांग. संस्थान का विचारलं, तर ते १९४९ सालीच विलीन झालं.