४०० मॉडवालं स्कायरिम व्हाईटरनजवळ सारखं बंद पडतं. सगळं पुसून नव्याने टाकू का?

पुसू नका. निदान आज तरी नको.

तुमचं दुखणं मला समजलं ते असं. स्कायरिम स्पेशल एडिशन हा कॉम्प्युटर गेम, मॉड (चाहत्यांनी बनवलेली जोडणी) साधारण ४००, रॅम १६ जीबी, सेव्ह (साठवलेला खेळ) ६० तासांचा. रिव्हरवुड गावाकडून चालत व्हाईटरन शहराच्या तबेल्यापाशी पोचलात की गेम काही न बोलता डेस्कटॉपवर फेकून देतो. दरवेळी तिथेच. आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, सगळं काढ आणि परत टाक.

माझे मामा लोहार चाळीत लायटिंगच्या दुकानात कामाला होते. गणपतीत मंडळाची जुनी बल्बची माळ बंद पडली की पोरं म्हणायची, फेका, नवी आणू. मामा खिशातून टेस्टर काढायचे आणि बरोबर माळेच्या मध्यावर टेकवायचे. पेटला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही पेटला तर मागच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. पाच-सहा वेळा टेकवलं की उडालेला बल्ब हातात. मी गेमच्या बाबतीत हे शिकायला तीन वर्षं घेतली, तोवर तुमच्यासारखाच सगळं पुसत होतो. पुसून नव्याने टाकलं तरी आपण तेच ४०० मॉड त्याच आवडीने परत टाकतो, आणि उडालेला बल्बही त्यांच्याबरोबर परत येतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे: दरवेळी तिथेच. गेम रोज वेगळ्या जागी, कधी वीस मिनिटांनी तर कधी दोन तासांनी पडत असेल, तर संशय मेमरीवर, अ‍ॅनिमेशनवर, नाहीतर थेट हार्डवेअरवर घ्यायचा. ठरलेल्या जागी पडत असेल तर बहुतेक वेळा त्या जागेत ठेवलेल्या एखाद्या वस्तूत खोट असते: फुटकी मेश (वस्तूचा आकार), चुकीचं टेक्स्चर (तिच्यावरचं चित्र), एखादा एनपीसी (गेमच चालवतो ते पात्र), किंवा पुसलेली नॅव्हमेश. (नॅव्हमेश म्हणजे पात्रांनी कुठून चालायचं याचा जमिनीवर अंथरलेला नकाशा. एका मॉडने तो पुसला आणि दुसरा मॉड त्यावर भिस्त ठेवून असला, की कोणी तिथून चालायला गेलं तरी गेम कोसळतो.) व्हाईटरनचा परिसर तर मॉडवाल्यांचा दादर स्टेशन आहे. झाडांचा मॉड, रस्त्यांचा मॉड, तबेल्याचा मॉड, शहर सजवणारा मॉड, सगळे तिथेच उतरतात.

सुरुवातीच्या तपासण्या तुमच्या बाबतीत पटकन उरकतात. गेम मेन मेनूच्या आधीच पडत असता तर मी आधी आवृत्ती विचारली असती. एसकेएसई (बऱ्याच मॉडना लागणारा, गेमची ताकद वाढवणारा प्रोग्राम) नेमक्या त्याच आवृत्तीचा लागतो, आणि १.५.९७ साठी बांधलेला डीएलएल मॉड (थेट गेमच्या कोडमध्ये शिरणारा) १.६ वर चालेलच असं नाही. डिसेंबर २०२३ च्या अपडेटनंतर हलक्या प्लगइनची (प्लगइन म्हणजे मॉडची मुख्य फाइल) आतली मांडणीही बदलली, त्यामुळे नवा मॉड जुन्या गेमवर टाकला की तो दारातच आपटतो. त्यासाठी बीस नावाचा छोटा मॉड आहे. मास्टर फाइल (जिच्यावर दुसरा प्लगइन टेकलेला असतो ती) गायब असेल तरीही गेम सुरुवातीलाच मरतो. तुमचा गेम ६० तास चालला आहे, तेव्हा हे सगळं बाजूला ठेवू. एवढंच करा: स्टीममध्ये अपडेटची सेटिंग ‘गेम सुरू करताना’ अशी ठेवा आणि गेम कायम एसकेएसईच्या लोडरवरूनच उघडा. एका रात्रीच्या अपडेटने माझा चालता संसार मोडला आहे.

आता टेस्टर. गेम पडताना काय घडलं ते फाइलमध्ये (लॉगमध्ये) लिहून ठेवणारा क्रॅश लॉगर नावाचा मॉड नसेल तर आज टाका. नवा-जुना दोन्ही आवृत्त्यांना चालणारा आहे, सोबत अ‍ॅड्रेस लायब्ररी (डीएलएल मॉडना गेमच्या कोडमधले पत्ते पुरवणारी फाइल) लागते. पुढच्या वेळी गेम पडला की डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात एसकेएसई या फोल्डरात ताजी फाइल सापडेल. वनड्राइव्हने तुमचं डॉक्युमेंट्स पळवलं असेल तर तिकडे शोधा. फाइल उघडल्यावर बहुतेक जण पहिल्या ओळीतलं ‘अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’ वाचून घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गेमने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला जिथे त्याचं काही नव्हतं, इतकाच त्याचा अर्थ. जवळजवळ प्रत्येक क्रॅशमध्ये तेच लिहिलेलं असतं. खाली उतरा. कुठेतरी मेशचा रस्ता दिसेल, एखाद्या वस्तूचं नाव दिसेल, आठ अक्षरांचा फॉर्म आयडी (वस्तूचा ओळखक्रमांक) दिसेल. त्या आठातली पहिली दोन अक्षरं म्हणजे लोड ऑर्डरमधला (प्लगइन उघडण्याच्या क्रमातला) प्लगइनचा नंबर. एफई ने सुरू झाला तर हलका प्लगइन, एफएफ ने सुरू झाला तर ती वस्तू कुठल्याच मॉडची नाही, खेळता खेळता सेव्हमध्येच जन्मलेली.

इथे एक फसगत होते, आणि मी तीत दोनदा पडलोय. लॉगमध्ये नाव आलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. खिसा कापला गेला तेव्हा शेजारी उभे असलेले सगळेच डब्यात दिसतात. एकच नाव तीन वेगवेगळ्या लॉगमध्ये आलं तर मात्र त्याची कॉलर धरा. तो फॉर्म आयडी एसएसई एडिट या प्लगइन उघडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाका, म्हणजे त्या वस्तूला किती मॉडनी हात लावलाय ते शेजारी शेजारी रकान्यांत दिसेल. सगळ्यात उजवीकडचा रकाना जिंकतो. दोन शहरसजावटींची तिथे मारामारी दिसली तर त्यांचा पॅच (दोघांचं जमवून देणारी छोटी फाइल) शोधा, बहुतेक वेळा कोणीतरी बनवलेला असतो. एखादी मेशच खराब वाटली तर मॉड ऑर्गनायझर २ या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून ती लपवता येते. अख्खा मॉड काढावा लागत नाही.

लॉगमधून काहीच हाती लागलं नाही, तर सेव्ह दोषी की मॉड, हे आधी वेगळं करा. मेन मेनूवरच कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, ‘सीओसी रिव्हरवुड’ इंग्रजीत टाइप करा, तुमचा सेव्ह न उघडता थेट गावात पोचाल. तिथून व्हाईटरनपर्यंत चालत जा. कंटाळा येत असेल तर कन्सोलमधून वेग वाढवा. पुन्हा तबेल्यापाशी पडला तर दोष मॉडचा. व्यवस्थित आत शिरलात तर दोष बहुधा सेव्हमध्ये, आणि मग माझा पहिला प्रश्न असा: या ६० तासांत तुम्ही मध्येच एखादा स्क्रिप्टवाला मॉड काढलात का? काढला असेल तर त्याच्या अनाथ स्क्रिप्टा सेव्हमध्ये अजून फिरत असतील. री-सेव्हर हा सेव्ह तपासणारा प्रोग्राम त्या दाखवतो आणि काही साफही करतो, पण मूळ सेव्हची प्रत आधी बाजूला ठेवा. या सीओसीच्या खेळात काही सेव्ह मात्र करू नका, तो खरा खेळ नव्हे.

मॉडचाच दोष निघाला की मामांची पद्धत. मॉड ऑर्गनायझरमध्ये नवं प्रोफाइल काढा, मूळ प्रोफाइलला हात लावू नका. एसकेएसईचे पायाभूत मॉड, अनऑफिशियल पॅच (चाहत्यांनी केलेली गेमच्या चुकांची दुरुस्ती) आणि ज्यांच्यावर बाकीचे टेकलेत ते मास्टर चालू ठेवा, उरलेल्यांतले अर्धे बंद करा. प्रत्येक फेरीत रिव्हरवुड ते तबेला. ४०० चे २००, मग १००, ५०, २५ असं उतरत नऊ फेऱ्यांत एकावर येता. फेरीला दहा मिनिटं धरली तरी दीड तास. सगळं पुसून परत डाउनलोड करायला तुम्हाला किती लागतील ते तुम्हीच मोजा. एका फेरीत एकच बदल. लोड ऑर्डर पण बदलली, मॉड पण बंद केला, ग्राफिक्स पण कमी केले, असं केलंत तर गेम सुरू झाल्यावरही कशाने झाला ते कळणार नाही.

मेमरीचं थोडं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की एका व्हिडिओत बघून पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केली. ती आत्ता चालू करा, हे वाचणं अर्धवट सोडून. रॅम रिकामी दिसत असली तरी गेमने मागितलेल्या जागेची हमी विंडोजला द्यावी लागते, आणि पेजिंग फाइल नसेल तर तेवढी हमी द्यायची त्याची ऐपत राहत नाही. ४के टेक्स्चर लादलेला गेम मग गर्दीच्या ठिकाणी पडतो, आणि व्हाईटरन गर्दीचंच ठिकाण आहे. म्हणजे तुमची ‘ठरलेली जागा’ मेमरीमुळेही असू शकते, ही वरच्या नियमातली पळवाट. मीही २५६ जीबीच्या एसएसडीवर जागा वाचवायला हाच शहाणपणा केला होता. गणपतीची अख्खी सुट्टी गेममध्ये सोबत फिरणाऱ्या एका बिचाऱ्या पात्राच्या मॉडवर आळ घेण्यात गेली. लॉगमध्ये दरवेळी डी६डीडीडीए हा पत्ता येत होता. १.५.९७ वाले हा पत्ता नावाने ओळखतात: मेमरी अपुरी, नाहीतर एखादं टेक्स्चर किंवा मेश खराब. २० जीबीची पेजिंग फाइल दिली, त्या रात्री पहाटे तीनपर्यंत खेळलो. आई उठून बघायला आली, तिला वाटलं आजही दुरुस्तीच चाललीय.

एसएसई इंजिन फिक्सेस मॉड आहे का तेही बघा. त्याचे दोन भाग असतात आणि दुसरा गेमच्या मूळ फोल्डरात हाताने टाकावा लागतो. लोक तोच विसरतात. गेम एका वेळी जेमतेम ५१२ फाइल उघड्या ठेवू शकतो. एवढ्या मॉडांत ती मर्यादा ओलांडली की धडधाकट सेव्हसुद्धा खराब असल्यासारखा वागतो. आणि इनी फाइलमध्ये (गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘यूग्रिड्स’चा, म्हणजे आजूबाजूचा किती भाग पूर्ण उघडायचा त्याचा, आकडा ५ वरून ७ केला असेल, तर दूरचे डोंगर छान दिसतात हे खरं, पण तो आकडा सेव्हमध्ये मुरतो आणि नुसता परत ५ केला की तो सेव्ह उघडत नाही. सांगून ठेवा, केलाय का.

हार्डवेअरचा संशय सगळ्यात शेवटी. दुसरे गेम, ब्राउझर, सगळंच अधूनमधून पडत असेल तर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेली माझी एक रॅमची कांडी तशीच पकडली गेली होती. दुकानदार आधी माझ्या ‘फुकट्या मॉडां’नाच दोष देत होता, लाल ओळींचा फोटो दाखवल्यावर गप्प बसला आणि बदलून दिली.

तर आत्ता पेजिंग फाइल, मग क्रॅश लॉगर, मग तबेल्यापाशी जाऊन मुद्दाम दोनदा मरा. दोन्ही लॉग आणि गेमची आवृत्ती इथे खाली टाका. ४०० मॉडची यादी टाकू नका, ती कोणी वाचत नाही. मी भांडुपला साडेआठपर्यंत पोचतो, जेवण झालं की बघतो.