‘घटक’ की ‘सुटा भाग’?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘कंपोनंट-बेस्ड सॉफ्टवेअर’ला, म्हणजे वेगवेगळे भाग जोडून बनवलेल्या सॉफ्टवेअरला, ‘घटकाधारित’ म्हटलं तर चालेल का? आणि त्याला जोडून येणाऱ्या ‘डिस्ट्रिब्यूटेड’ (अनेक ठिकाणच्या यंत्रांवर मिळून चालणारं) आणि ‘युबिक्विटस’ (सगळीकडे असणारं) या शब्दांचं काय करायचं?

‘घटक’ चूक नाही, अपुरा आहे. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात ते एकमेकांत मिसळून गेलेले, पुन्हा वेगळे न निघणारे. कंपोनंटचं मोल तर वेगळा काढता येण्यातच आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतला ‘सुटा भाग’ इथे नेमका बसतो. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला भरलेल्या नाटोच्या सॉफ्टवेअरविषयक परिषदेत संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी हेच मागितलं होतं: गरजेप्रमाणे निवडून घेता येतील असे सॉफ्टवेअरचे तयार भाग.

पण सुटेपणा आपोआप येत नाही. ‘मी काय देतो’ आणि ‘मला काय लागतं’ हे दोन्ही प्रत्येक भागाने उघड सांगावं लागतं. सेन्सरच्या छोट्या बोर्डांसाठी केलेल्या नेससी भाषेत त्यासाठी ‘प्रोव्हाइड्स’ आणि ‘यूझेस’ हे शब्दच ठेवले आहेत. तेवढ्यानेही भागत नाही. समजा, निफाडच्या द्राक्षबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह ‘ओलावा’ नावाच्या आकड्यावर चालतो. जुना सेन्सर टक्के देत होता, त्याजागी मातीतून पाणी ओढायला किती जोर लागतो ते किलोपास्कलमध्ये सांगणारा टेन्शियोमीटर बसवला. टक्के वाढले तर माती ओली. किलोपास्कल वाढले तर माती कोरडी! जोडणी बिनबोभाट होते, प्रोग्राम कुठेच अडत नाही आणि बाग सुकत असताना व्हॉल्व्ह बंद राहतो. म्हणून जोडणीच्या करारात आकड्याचं एकक लिहायचंच, शिवाय तो वाढला म्हणजे काय समजायचं तेही.

‘डिस्ट्रिब्यूटेड’साठी ‘वितरित’ रूढ आहे, पण त्यातून रेशनच्या वाटपाचा भास होतो. ‘विखुरलेलं’ बरं, त्यात अंतर येतं, आणि अंतर आलं की रेंज जाणंही आलं. एमक्यूटीटी ही उपकरणांनी एकमेकांना निरोप धाडण्याची पद्धत. तिच्या ‘क्यूओएस १’ या पोचण्याच्या खात्रीच्या पातळीवर निरोप किमान एकदा पोचतो, म्हणजे दोनदाही पोचू शकतो. ‘२० मिनिटं पाणी सोड’ दोनदा पोचलं तर जास्त पाणी जाण्याचा धोका. ‘सव्वासहापर्यंत चालू ठेव’ कितीदाही पोचलं तरी बिघडत नाही.

‘युबिक्विटस’चं ‘सर्वव्यापी’ थेट परमेश्वराकडे नेतं. संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१च्या लेखात मांडलेली कल्पना वेगळी: संगणक रोजच्या वस्तूंत इतका मुरावा की त्याच्याकडे लक्षच जाऊ नये. त्याला ‘अवतीभवतीचं’ शोभेल.

परीक्षेच्या उत्तरात रूढ ‘घटकाधारित’च लिहावं. लेखात किंवा शेतकऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकात मात्र बेधडक ‘सुट्या भागांचं सॉफ्टवेअर’ म्हणावं.