डार्लिंग कुटुंबातील मुले खरोखरच वाद्ये वाजवत होती का?

होय, आणि ती अव्वल दर्जाची वाजवत होती. ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या मार्च 1963 मधील भागात डोंगराळ भागातले हे कुटुंब प्रथम मेबेरी गावात अवतरते. त्यातील चार अबोल भाऊ म्हणजे मिझुरी राज्यातील सेलम गावाहून नुकताच कॅलिफोर्नियात आलेला ‘द डिलर्ड्स’ हा ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतशैलीचा वाद्यवृंद होता. डग डिलर्डकडे बँजो, रॉडनीकडे गिटार, डीन वेबकडे मँडोलिन आणि मिच जेनकडे उभा बास अशी वाटणी होती. वडील ब्रिस्को व बहीण शार्लिन यांच्या भूमिका मात्र डेन्व्हर पाइल आणि मॅगी पीटरसन यांनी केल्या.

शार्लिनचा होणारा नवरा बसने येईपर्यंत हे सगळे गावात मुक्काम ठोकतात, हॉटेलातून हाकलले जातात आणि अखेर शेरीफ अँडीच्या कचेरीत पथारी पसरतात. तेथे अँडी स्वतः गिटार घेऊन त्यांच्यात सामील होतो, आणि माझ्या मते संपूर्ण भागाचा जीव त्या बैठकीतच आहे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता बसलेली ही पोरे वाद्यावर बोटे ठेवताच जी विजेसारखी गती पकडतात, तिच्यामुळे त्यांचे मौन हाच विनोद ठरतो. संवाद दिले असते, तर कदाचित सगळाच विचका झाला असता. पुढे 1966 पर्यंत हे कुटुंब आणखी पाच भागांत दिसले.