दहा वेळा जाणं म्हणजे जुलाब नव्हेत

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालास, "काका, दिवसातून दहा वेळा जावं लागतं, म्हणून जुलाब थांबायची गोळी घेतोय." तेव्हापासून मला चैन नाही. सर्जनना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नकोस. तुझ्यासारखंच माझंही गुदाशयाचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं, ऑपरेशन झालं, तेव्हा मीही हेच केलं आणि पोट दगडासारखं झालं.

गुदाशयाचा भाग काढून आतडं जिथे जोडतात, तिथला व्रण भरताना आकसतो आणि वाट अरुंद होते. मग शौच बारीक, थोडी थोडी होते. उठलं की पुन्हा बसावंसं वाटतं. मागे घट्ट मळ तुंबलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं, ते आपल्याला जुलाब वाटतात. गुदाशय गेल्याने साठवायची जागाच कमी होते, त्यामुळेही फेऱ्या वाढतात. पण जागा कमी असेल तेव्हा उपयोगी पडणारी गोळी वाट अरुंद असेल तर घात करते. तुझं कुठलं, हे बोटाने किंवा दुर्बिणीने तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणून लाजून "बरं आहे" म्हणू नकोस. किती वेळा, केवढी, किती कुंथावं लागलं, हे आठवडाभर वहीत लिही आणि वही डॉक्टरांसमोर ठेव.

व्रणच असेल तर फुग्याने वाट रुंद करतात. माझी तीनदा करावी लागली. पुन्हा आकसली तर खचू नकोस. इसबगोल सगळेच सुचवतील, पण वाट फार अरुंद असेल तर तेच फुगून अडकतं. मळ मऊ ठेवणारं औषध डॉक्टरांकडूनच घे. कमोडवर पायांखाली पाट ठेव, कुंथू नकोस.

आता लोकलचं. डब्यात शौचालय नाही, या धास्तीने तू डोंबिवलीहून उपाशी निघतोस, ते चूक आहे. तासभर आधी ऊठ, कोमट पाणी पी, नाश्ता कर. खाल्ल्यावर आतडं आपसूक हलतं, तो अर्धा तास घरीच काढ. काही दिवस फास्ट सोडून स्लो पकड, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर उतरता येईल. कुठल्या स्टेशनवर शौचालय कुठे आहे, ते एखाद्या रविवारी निवांत बघून ठेव. मला या एका गोष्टीने सगळ्यात धीर दिला.

गॅसही सुटेना, पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठ.

अपॉइंटमेंट मिळाली की कळव. मी सोबत येतो.

तुझा काका