चॅटजीपीटीला सहलेखक करावं का?

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला समजला तो असा. सांगली-तासगाव भागातल्या बेदाणा उत्पादकांकडून तुम्ही प्रश्नावली भरून घेतली. पेपरची प्रस्तावना आणि इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटी वापरलं. सहकारी म्हणतात, त्याला दुसरा लेखक करा, प्रामाणिकपणा दिसेल. गाइड म्हणतात, अवाक्षर काढू नका. एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर किती टक्के दाखवेल याची तुम्हाला धास्ती आहे. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, प्रश्नावलीतले काही कोरे रकाने त्याच्याकडून ‘अंदाजाने’ भरून घेतल्याचं लिहिलंय.

मी साताऱ्यात शिकवतो आणि एका लहान जर्नलच्या संपादनात हातभार लावतो. तिथे येणाऱ्या पेपरांवरून सांगतो, तुमची खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. बाकीचं सुटण्यासारखं आहे.

नावाचं आधी उरकू. सहलेखक करू नका. प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि वैद्यकीय संपादकांच्या आयसीएमजेई समितीने त्याच वर्षी मे महिन्यात स्पष्ट सांगितलं की एआय साधन लेखक होऊ शकत नाही. लेखकाला अंतिम मसुद्याला संमती द्यावी लागते, हितसंबंध जाहीर करावे लागतात, उद्या कुणी आकडा चुकीचा म्हटलं तर उत्तर द्यावं लागतं. ‘नर्स एज्युकेशन इन प्रॅक्टिस’ या जर्नलमध्ये चॅटजीपीटीचं नाव लेखक म्हणून छापून आलं होतं, ते नंतर शुद्धिपत्र काढून वगळावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एजंट्स फॉर सायन्स’ नावाची ऑनलाइन परिषद झाली, तिथे मात्र एआयच प्रमुख लेखक आणि एआयच परीक्षक होते. पण तो जाहीर केलेला प्रयोग होता. तुमच्या पीएचडीला त्याचा दाखला चालायचा नाही.

गाइडचंही ऐकू नका, म्हणजे या एका बाबतीत. एआय वापरल्याचं जाहीर कराच. मार्च २०२४ मध्ये ‘सर्फेसेस अँड इंटरफेसेस’ जर्नलमधल्या लिथियम बॅटरीच्या एका पेपरची प्रस्तावनाच ‘सर्टनली, हिअर इज अ पॉसिबल इंट्रोडक्शन फॉर युवर टॉपिक’ अशी सुरू झाली होती. लेखक, परीक्षक, संपादक, कुणाच्याच नजरेला ते वाक्य पडलं नाही! पुढे पेपर मागे घेतला गेला. पण नुसतं जाहीर केलं की सुटलो, असंही समजू नका. त्याच्या महिनाभर आधी फ्रंटियर्स या प्रकाशनसंस्थेच्या एका जर्नलमध्ये उंदराचं हास्यास्पद चित्र छापून आलं, त्यातल्या अवयवांची नावं म्हणजे निरर्थक अक्षरं. चित्रं मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआय साधनाने काढल्याचं त्या लेखकांनी लिहिलंही होतं. तरी काही दिवसांतच पेपर मागे घेतला गेला, कारण चित्रच खोटं होतं.

आता कोरे रकाने. आपल्याकडचा शेतकरी कर्जाच्या, व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशांच्या प्रश्नापुढे गप्प बसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ते गप्प बसणं हीसुद्धा माहिती आहे. कोण बोललं नाही, लहान बागायतदार की मोठा, यावरच एक तक्ता होईल. चॅटजीपीटीने तिथे काय केलं? आजूबाजूच्या आकड्यांना शोभेल असा आकडा टाकला. त्यामुळे आकड्यांमधला फरक कमी दिसतो, नमुना मोठा दिसतो, आणि नसलेला संबंधही ठळक दिसू शकतो. हेतू कितीही चांगला असो, संशोधनाच्या भाषेत ही बनावट विदा (डेटा) आहे, आणि त्यात सापडलात तर एआय वापरलं की हाताने भरलं हे कुणी विचारणार नाही. कागदी अर्ज काढा, ते रकाने पुन्हा कोरे करा, सगळे तक्ते नव्याने चालवा. प्रत्येक तक्त्याखाली किती जणांनी उत्तर दिलं ते लिहा. गहाळ आकड्यांसाठी मान्य संख्याशास्त्रीय पद्धती आहेत, पण त्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या सल्ल्याने वापरायच्या आणि पद्धतीच्या विभागात नमूद करायच्या. आणि हो, एक्सेल फाइल तशीच अपलोड केली होती का? शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, कर्जाचे आकडे त्यात असतील, तर तेही गाइडच्या कानावर घाला. त्यांनी माहिती तुम्हाला दिली होती.

संदर्भसूची त्याच्याकडून घेतली असेल तर एकेक पेपर उघडून बघा. लेखक खरा, जर्नल खरं आणि पेपर अस्तित्वातच नाही, असे संदर्भ आमच्याकडेही येतात. तिथेच पेपर परत जातो.

टक्क्यांची धास्ती मात्र कमी करा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतले दहा, चाळीस, साठ टक्के हे मजकुराच्या सारखेपणाचे आहेत, एआयचे नव्हेत. ओपनएआयने स्वतःचं शोधक साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधनं सर्रास यंत्राचे ठरवतात. म्हणून मसुद्यांच्या जुन्या आवृत्त्या आणि चॅटची नोंद जपून ठेवा, शंका आली तर दाखवता येतील. टक्का उतरवायला ‘ह्युमनायझर’मधून, म्हणजे एआयचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणाऱ्या साधनातून, मजकूर फिरवू नका. असल्या शब्दबदलूंमुळेच ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ झालेलं छापून आलंय.

एआय वापरल्याचं निवेदन दोन ओळींचं पुरतं: कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कशासाठी, आणि सर्व मजकूर लेखकांनी तपासला असून जबाबदारी त्यांची आहे. ते कुठे टाकायचं हे जर्नलगणिक बदलतं. लेखकांसाठीच्या सूचनांत सापडेल. त्या पानाची प्रिंट काढून गाइडसमोर ठेवा. तरी नाही म्हणाले तर एनआयआरएफने, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीने, २०२५ पासून मागे घेतलेल्या पेपरांबद्दल गुण कापायला सुरुवात केलीय, हे सांगा. प्राचार्यांपर्यंत हा मुद्दा लवकर पोचतो.