जुन्या छंद-मासिकांचे काय करावे? पाने कापण्यापूर्वी हे वाचावे

आपण विचारले आहे की, जवळजवळ वीस वर्षे जमवलेली इलेक्ट्रॉनिक्स आणि छायाचित्रणाची मासिके खोक्यांत पडून आहेत, ती टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा उरलेली नाही. कामाची पाने कापून त्यांची फाइल करावी आणि बाकीचे रद्दीत द्यावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे आणि ते मानावे की नाही, हा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, तूर्त मानू नये. अंक ठेवणे, देणे, विकणे किंवा रद्दीत घालणे या चारही वाटा आज जशा मोकळ्या आहेत तशाच त्या महिन्याभरानेही मोकळ्या असतील. परंतु एकदा पाने कापली की पहिल्या तीन वाटा त्या अंकापुरत्या कायमच्या बंद होतात.

हे मी अनुभवाने सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या सुमारे नव्वद अंकांतून मला हवी असलेली सर्किटे धारदार पात्याने कापून घेतली, पारदर्शक पाकिटांत घातली आणि उरलेले अंक रद्दीत दिले. फाइल दिसायला फार सुरेख झाली. पुढे त्यातलाच एक व्होल्टेज नियंत्रित करणारा पॉवर सप्लाय मी तयार केला. आकृतीत दाखवल्याप्रमाणेच सर्व जोडणी केली होती, तरीही वीज सुरू केल्यावर काही सेकंदांत इनपुटजवळचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा, ठरावीक दिशेनेच जोडायचा भाग) तापून फुटला. आकृतीत त्याचे धन आणि ऋण टोक उलटे छापले गेले होते. अनेक वर्षांनंतर एका परिचिताच्या अखंड संचात मला दिसले की, संपादकांनी दोन महिन्यांनंतरच्या अंकात, वाचकांच्या पत्रांखाली, सहा ओळींची दुरुस्ती छापली होती. तो दुरुस्तीचा अंक माझ्याकडेही होता. त्यात कापण्याजोगे सर्किट नव्हते म्हणून तो मी सर्वांत आधी रद्दीत दिला होता.

या प्रकारच्या मासिकांत ही गोष्ट अपवादाची नाही. लेख एका अंकात, त्याचा दुसरा भाग पुढच्या अंकात, दुरुस्ती त्याच्याही पुढच्या अंकात आणि एखाद्या अनुभवी वाचकाने सुचवलेली अधिक चांगली पद्धत वर्षभराने पत्रव्यवहारात, अशी एकाच विषयाची माहिती पसरलेली असते. विणकाम, सुतारकाम, मॉडेल रेल्वे या विषयांच्या मासिकांतही असेच घडते. तिथे तर मापांचा किंवा नमुन्यांचा सुटा मोठा कागद मध्यभागी घडी घालून ठेवलेला असतो आणि तो नसेल तर लेख असून नसल्यासारखा होतो. म्हणून सुटे अंक आणि सलग संच यांच्या उपयोगात मोठा फरक पडतो, आणि घेणाऱ्याच्या लेखी किमतीतही.

तेव्हा पहिले काम यादीचे. मासिकाचे नाव, वर्ष, महिना, खंड आणि अंक क्रमांक, मुखपृष्ठ आहे की नाही, सुटी पुरवणी जागेवर आहे की नाही, एवढेच स्तंभ पुरेत. मुखपृष्ठावर किंवा आतल्या माहितीच्या चौकटीत आठ आकडी आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाच्या ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असल्यास तोही लिहून ठेवावा, कारण एकाच नावाची दोन वेगळी मासिके असू शकतात आणि ग्रंथालये त्या क्रमांकावरूनच ओळख पटवतात. बहुतेक मासिके वर्षाच्या शेवटच्या अंकात वार्षिक सूची छापत असत. ती पाने वेगळी न काढता फक्त त्यांची छायाचित्रे घ्यावीत. यादी करता करताच अर्धा निर्णय होऊन जातो, कारण कोणते वर्ष पूर्ण आहे, कोणता अंक दुबार आला आहे आणि कशाला पाणी लागले आहे, हे सर्व तेव्हाच डोळ्यांसमोर येते.

जागेचाही हिशेब एकदा नीट करून पाहावा. एका मासिकाचे वीस वर्षांचे 240 अंक होतात. एका अंकाची जाडी सरासरी 5 मिलिमीटर धरली तर ते सारे मिळून 1.2 मीटर लांबीत उभे राहतात, म्हणजे साधारण दोन कप्पे. वजन मात्र बरेच भरते. अंकामागे पाव किलो धरले तरी 60 किलो होतात, आणि फळी वाकते ती त्यामुळे. खोक्यांत आडवेतिडवे कोंबलेले अंक जेवढी जागा खातात, तेवढी त्यांना खरोखर लागत नाही.

यानंतर काय ठेवायचे हा प्रश्न येतो, आणि इथे दोन्ही छंदांना एकच न्याय लावता येत नाही. छायाचित्रणाच्या मासिकांतील कॅमेऱ्यांची परीक्षणे पाच वर्षांत शिळी होतात, पण प्रकाशयोजना, चौकटीची मांडणी, अंधाऱ्या खोलीतील धुलाई यांवरचे लेख शिळे होत नाहीत. उलट फिल्मवर काम करणाऱ्या नव्या पिढीला ती जुनी परीक्षणेही आता मोलाची वाटू लागली आहेत. इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्किटातला विशिष्ट आयसी (एकात्मिक चिप) बाजारातून गेलेला असतो, परंतु प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) कसा विचार करून आखावा, भूसंपर्कातून (अर्थिंगमधून) येणारी गुणगुण कशी शोधावी, हे सांगणारा लेख तसाच ताजा राहतो. माझ्याकडे उरलेल्या मासिकांबाबत मी स्वतः एक साधी रीत पाळली. सहा महिने सगळे अंक हाताशी ठेवले आणि ज्या ज्या वेळी एखादा अंक कामासाठी उघडला त्या वेळी त्याच्या कण्यावर पेन्सिलीने बारीक खूण केली. खुणा पडल्या त्या फक्त 31 अंकांवर, आणि त्यांतले 22 एकाच मासिकाच्या सलग चार वर्षांतले होते, ज्या काळात त्या मासिकाला फार चांगले संपादक लाभले होते. मी ती चार वर्षे पूर्ण ठेवली.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. जुन्या छंद-मासिकांतील कृती जशाच्या तशा करू नयेत, आणि मासिके कुणा तरुण मुलाला देताना हे त्याला आवर्जून सांगावे. भाग स्वच्छ करण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरा, तापलेल्या इस्त्रीखाली ॲस्बेस्टॉसचा पत्रा ठेवा, असे सल्ले एके काळी सहज छापले जात. पहिल्याने यकृताला इजा होते, दुसऱ्याच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो.

स्कॅन करून कागद काढून टाकावा, हा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो वाईट नाही, पण त्यातले श्रम आधी मोजावेत. शंभर पानांचे 240 अंक म्हणजे 24,000 पाने. एका पानाला एक मिनिट लागले तरी 400 तास होतात. म्हणून आधी ते मासिक कुणी स्कॅन करून ठेवले आहे का, हे पाहावे. 1996 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हवर असंख्य जुनी मासिके आहेत, आणि रेडिओ व इलेक्ट्रॉनिक्सपुरते वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर मोठे भांडार आहे. जे तिथे आहे ते पुन्हा करण्यात अर्थ नाही. जे नाही त्याच अंकांवर वेळ घालवावा. मजकुराला 300 डीपीआय (एका इंचातले ठिपके, म्हणजे स्कॅनची सूक्ष्मता) पुरते, सर्किटांच्या बारीक रेषांना 600 घ्यावे. छापील छायाचित्रे ठिपक्यांनी बनलेली असल्यामुळे स्कॅनवर लाटांसारखी नक्षी उमटते. ती टाळण्यासाठी स्कॅनरच्या आज्ञावलीत ठिपके घालवण्याचा पर्याय असतो, तो छायाचित्रांच्या पानांना लावावा आणि आकृत्यांच्या पानांना लावू नये. जाहिरातींची पाने वगळू नयेत. कोणता भाग कोणत्या वर्षी कितीला मिळत होता, कोणता कॅमेरा नवशिक्यासाठी म्हणून विकला जात होता, हे इतिहास लिहिणाऱ्याला लेखांतून कळत नाही, जाहिरातींतून कळते. स्वतःच्या वाचनासाठी केलेली प्रत आणि सर्वांसाठी खुली केलेली प्रत यांत कायद्याने फरक आहे. स्वामित्वहक्काची मुदत देशागणिक वेगळी असल्याने खुली करण्यापूर्वी तेवढे तपासावे.

उरलेल्या संचासाठी माणूस शोधायचा तर यादी हातात असल्याने काम पुष्कळ सोपे होते. हौशी रेडिओवाल्यांचे गट, छायाचित्रण मंडळे, तंत्रशिक्षणाच्या संस्था यांना आधी यादी पाठवावी आणि होकार आल्यावरच खोकी न्यावीत. ग्रंथालयाला न विचारता देणगी नेऊन टाकणे हा त्यांच्यावर भार होतो. त्यांना बहुधा संपूर्ण संच नको असतो, त्यांच्या संचात नसलेले चार अंक हवे असतात, आणि ते चार अंक देता आले तर फार समाधान होते. विक्री करायची असल्यास पूर्ण वर्षांचे गठ्ठे करावेत, मात्र एखादा अंक स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे का ते आधी पाहावे. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’चा जानेवारी 1975 चा अंक याचे ठळक उदाहरण आहे, त्याच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 हा संगणक झळकला आणि घरी जोडता येणाऱ्या संगणकांची लाट तिथून उसळली. पहिले अंक, शेवटचे अंक आणि असे वळणाचे अंक संग्राहक शोधत असतात.

जे ठेवाल ते कोरडे ठेवावे. साध्या लगद्याचा कागद त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो आणि आम्लामुळे ठिसूळ होतो, ही क्रिया उष्णतेने आणि दमटपणाने वेगाने होते. गुळगुळीत कागदाचा शत्रू पाणी आहे. त्याच्यावर मातीसारख्या खनिजाचा लेप असतो, तो भिजून वाळला की पाने एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. त्यामुळे माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. अंक उभे, पण कलणार नाहीत इतपत भरीव ओळीत ठेवावेत. पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढाव्यात. बुरशी लागलेले अंक मात्र चांगल्या अंकांत मिसळू नयेत, कुणाला देऊही नयेत. असे अंक आणि खरोखर कुणालाच नको असलेले दुबार अंक यांचीच रद्दी करावी, आणि तीही प्लॅस्टिकची वेष्टने व सोबत आलेल्या सीडी वेगळ्या काढून.

घरच्यांना एक मुदत ठरवून द्यावी, असे मी सुचवेन. यादीला एक महिना, घेणारे शोधायला तीन महिने, आणि त्यानंतर जे उरेल ते खरोखर जाईल, असा शब्द द्यावा आणि पाळावा. माझ्या घरी तो शब्द दिल्यावर विरोध मावळला. ठेवलेल्या चार वर्षांच्या 48 अंकांसोबत त्या यादीची एक प्रत पहिल्याच अंकात घडी करून ठेवली आहे, आणि तिच्या खाली, माझ्यानंतर हे अंक कोणत्या मंडळाला द्यावेत, ते लिहिले आहे.