इनऑर्गॅनिक केमिस्ट्री पाठच करावी लागते का?

तुमचा प्रश्न असा: बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, क्रिस्टल फील्ड थिअरी (धातूंच्या संयुगांचे रंग समजावणारा सिद्धांत) डोक्यात शिरत नाही, सगळे म्हणतात इनऑर्गॅनिक पाठच करायचं असतं. तर पाठ करू, की एखादं चांगलं पुस्तक घेऊ?

पाठ करू नका. हे मला पंचवीस वर्षांपासून एका माणसाला तोंडावर सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

आम्ही अंबड तालुक्यातले, मोसंबीवाले. डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायची. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादल्यांत दोन्ही वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं. शेवटी अण्णा त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, "तांबं सुटायलंय, चुना घाल अजून." तांब्याचं पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद) +0.34 व्होल्ट आणि लोखंडाचं -0.44, म्हणून तांबं लोखंडावर चढतं, हे मला कॉलेजात कळलं. विळ्यावरचं तांबं मी त्याच्या कितीतरी आधी बोटानं पुसलेलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला परीक्षानळीत मोरचूद तापवलं. पांढरं पडलं. थेंबभर पाणी टाकलं, पुन्हा निळं. मी विचारलं, "सर, पाण्यानं निळं होत असेल तर झिंक सल्फेट का होत नाही? त्यातही पाण्याचे सात रेणू असतात." झिंक सल्फेटचं पोतं आमच्या शेतातल्या आखाड्यावर कायम असायचं, म्हणून सुचलं. सर म्हणाले, "इनऑर्गॅनिकमध्ये 'का' विचारायचं नसतं. पाठ करा, दोन मार्क मिळतील." पोरं हसली. मी वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

उत्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आखाड्यावर सापडलं. एका खापरावर मोरचूद तापवलं, शेजारी झिंक सल्फेट मांडलं आणि वहीत धातूच्या 'डी' ऑर्बिटलमधले (इलेक्ट्रॉनच्या जागांमधले) इलेक्ट्रॉन मोजले. तांब्याचे 9, जस्ताचे 10. संपलं! लिगंड (धातूभोवती जोडले जाणारे पाणी, अमोनियासारखे रेणू किंवा आयन) जवळ आले की पाच डी ऑर्बिटलची पातळी फुटते, तीन खाली आणि दोन वर. तांब्याच्या वरच्या दोनांत एक जागा रिकामी असते. खालचा इलेक्ट्रॉन तांबड्या बाजूचा प्रकाश खाऊन तिथं चढतो आणि आपल्याला उरलेला निळा दिसतो. जस्ताच्या दहाही जागा भरलेल्या, चढायचं कुठं? मोरचुदातलं पाणी उडालं की तांब्याभोवती सल्फेटचे ऑक्सिजन उरतात. त्यांचं क्षेत्र दुबळं, फूट लहान, म्हणून शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात सरकतं आणि पूड पांढरी दिसते. उलट भरपूर अमोनिया घाला, फूट वाढते आणि रंग गडद निळा होतो.

एवढं सांगायला त्या सरांना पाच मिनिटं लागली असती. ज्याला 'का' चा त्रास होतो त्यानं हा विषय शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी आता स्वतः शिकवतो आणि पहिल्याच तासाला मोरचूद घेऊन जातो. हा विषय उभाच मोजण्यावर राहिलाय. आल्फ्रेड वर्नरनं 1893 मध्ये कोबाल्ट-अमोनिया संयुगांचा सिद्धांत मांडला, त्याचा एक मोठा आधार म्हणजे सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर किती क्लोराइड खाली बसतं याची मोजदाद. सहा अमोनिया असतील तर तीन, पाच असतील तर दोन, चार असतील तर एक. 1913 चं नोबेल मिळालं त्याला.

तेव्हा कुठलंही संयुग समोर आलं की आधी ऑक्सिडेशन स्टेट (धातूवरचा भार) काढा, मग डी इलेक्ट्रॉन मोजा, मग लिगंड बघा. चुंबकीय आघूर्णाची गणितंही याच वाटेनं सुटतात.

आता एक कबूल करतो. स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज (लिगंडांची दुबळ्यापासून बलवानापर्यंतची यादी) मात्र पाठच करावी लागते. कार्बन मोनॉक्साइडवर भार नसूनही तो इतका बलवान लिगंड का, हे या थिअरीतून निघत नाही, त्याला मॉलिक्युलर ऑर्बिटल या पुढच्या सिद्धांताकडं जावं लागतं. पोटॅशियम परमँगनेटमध्ये तर मँगनीजकडं एकही डी इलेक्ट्रॉन नाही, तरी ते गडद जांभळं असतं. तो रंग ऑक्सिजनकडून मँगनीजकडं इलेक्ट्रॉन जाण्याचा, त्याला माझी मोजणी लावू नका.

पुस्तकाचं म्हणाल तर अभ्यासक्रमाला लावलेलं कुठलंही चालेल. आणि मोरचूद तापवून बघायचं असेल तर लॅबमध्येच बघा, स्वयंपाकाचं भांडं अजिबात घेऊ नका, मोरचूद विषारी आहे. शेवटचा पाण्याचा रेणू निघायला 200 अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून फिकट दिसलं की लगेच बर्नर बंद करू नका.